झेलिंदाची दाढ

रोक्कासोर्बाच्या वेशीतून खाली वाकून पाहिलं की रोवेल्ला नदी दिसते, तिच्यावरचा एका कमानीचा पूल दिसतो आणि पुलाच्या अलीकडे पाणचक्कीचं दगडी छप्पर. बाकी सगळं जंगल. ज्या सरदारानं गाव डोंगराच्या माथ्यावर नेऊन बसवलं त्याला शत्रू लांबून दिसायला हवा होता. रोज पाणी कोण वाहून आणणार याचा विचार त्यानं केला नसावा, कारण वाहणारा तो नव्हता. तेव्हापासून सातशे वर्षं आम्ही वर राहतो आणि आमचं पीठ खाली तयार होतं. मध्ये सात वळणांची खेचरवाट.

झेलिंदा त्या पाणचक्कीत जन्मली, तिथंच वाढली, लग्न झाल्यावर नवराच तिथं राहायला आला आणि सहा वर्षांपूर्वी त्याला तिथूनच वर दफनभूमीत नेलं. सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात ती रोक्काच्या बाहेर मुक्कामाला गेली ती एकदाच, आणि तेच तिला महागात पडलं.

गावात डॉक्टर होता, पाद्री होता, नगरपालिकेचा चिटणीस होता. या तिघांशीही लोक हुज्जत घालत. पाद्रीबाबांशी तर जास्तच. पण झेलिंदाच्या दाढेशी हुज्जत घालायची कुणाची टाप नव्हती. खेचरावरून पोतं उतरलं की ती बाही वर सारायची, कोपरापर्यंत हात आत घालून तळातले तीन चेस्टनट काढायची आणि एकेक उजव्या दाढेखाली धरून चावायची. कट्‌ असा आवाज होऊन दाणा दुभंगला तर पोतं आत. दाणा जरासा जरी वाकला, चिवटपणानं दाढेला धरून राहिला, तर पोतं पुन्हा खेचरावर आणि खेचर पुन्हा सात वळणं वर. कुणी तोंड उघडलंच तर ती एवढंच म्हणायची, "मी चावलंय." की संपलं.

आता एवढा कडकपणा कशासाठी, असं खालच्या सपाटीवरच्या लोकांना वाटतं. त्यांचं काय जातं? त्यांच्याकडे गहू आहे. आमच्याकडे गहू सणापुरता. वर्षभराचं पोट चेस्टनटवर. ऑक्टोबरात वेचायचे, दगडी धूरखोलीत लाकडी जाळीवर पसरायचे आणि खाली चाळीस दिवस मंद धग ठेवायची. जाळ नव्हे, धग. चाळीस दिवसांनी ते दगडासारखे खणखणीत होतात. मग पोत्यात घालून ओंडक्यावर आपटून टरफलं काढायची, पाखडायचे आणि दळायला न्यायचे. त्या पिठात मुळातच इतका गोडवा असतो, की दाणा पोटातून ओला राहिला तर जात्याच्या दोन दगडी तळ्यांमध्ये त्याचा चिकटा होतो. जात्याच्या खाचा बुजतात आणि तळी एकमेकींना धरून बसतात. मग वरची तळी उचलायची, खरवडायची आणि टाकी घेऊन खाच न्‌ खाच नव्यानं ठोकायची. तीन दिवस गेले. आणि ते तीन दिवस कुणाच्या ना कुणाच्या पाळीतले असतात.

पाळ्या ठरतात नोव्हेंबरच्या दोन तारखेला, वेशीतल्या बाकावर, टोपीत चिठ्ठ्या टाकून. ज्याचं पोतं परत गेलं त्याची पाळी गेली; तो आता जानेवारीतल्या तीन राजांच्या सणानंतर, म्हणजे नाताळ नव्या पिठाविना. नाताळला ज्या घरात नव्या पिठाची उकड आणि तिच्यावर पनीरासारखा मऊ, ताजा रिकोत्ता नाही, त्या घराकडे शेजारी दयेनं बघतात. आणि रोक्कात एक वेळ शिव्या परवडल्या, दया परवडत नाही.

झेलिंदा नऊ वर्षांची असताना बापानं, आमादेओनं, तिला दाराच्या पायरीवर बसवून तिच्या तोंडात एक दाणा दिला होता. एक स्वतःच्या तोंडात टाकला. "काय म्हणतो?" त्यानं विचारलं. तिनं सांगितलं, कडक आहे. "कडक तर दोन्ही आहेत. तुझा आतून काय म्हणतो?" त्या हिवाळ्यात तिनं शेकडो दाणे चावले. आवाजावर जायचं नाही, ओला दाणाही थंडीत कडकडतो, हे बापानं तिच्या डोक्यात ठोकून बसवलं. ओल कळते ती दाढेच्या मुळाला. दाणा फुटताना मुळाशी जी एक बारीक ओढ लागते, ती म्हणजे ओल. हे शब्दांत सांगता येत नाही. झेलिंदालाही नीट सांगता यायचं नाही. तिच्या नवऱ्यानं, तोर्क्वातोनं, तीस वर्षं पाट साफ केला, पाण्याची फळी सांभाळली, तळघरातलं चाक दोनदा नवं केलं, पण दाणा चावायच्या भानगडीत तो कधी पडला नाही. तो म्हणायचा, घरात एकानं चावलं तेवढं पुरे आहे.

परत गेलेल्यांत सगळ्यात नावाजलेला म्हणजे एजिस्तो. वेशीला लागून घर, नाकावर माशी बसू न देणारा माणूस, आणि वाळवणाच्या बाबतीत पहिल्या नंबरचा उतावळा. अडतिसाव्या दिवशीच त्याची पोती बांधून तयार. तिशीत असताना एका हिवाळ्यात झेलिंदानं त्याला तीनदा परत पाठवलं होतं. तिसऱ्या वेळी सगळं गाव वेशीच्या कठड्यावर ओठंगून बघत होतं आणि त्याचं खेचर वळणागणिक दिसलं की टाळ्या पडत होत्या. त्यानं टोपी काढून सगळ्यांना अभिवादन केलं, पण आतून तो किती जळला असेल ते त्याचं त्याला ठाऊक. त्यानंतरही दोन-तीन वर्षांआड त्याची फेरी ठरलेली. पाळी आली की तो झेलिंदाच्या तोंडाकडे असा बघत उभा राहायचा, की शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशाकडे काय कुणी बघेल. बायको गेल्यावरही त्यात फरक पडला नाही. उलट आता आग्रहानं दोन दिवस थांब म्हणणारंही घरात कुणी उरलं नव्हतं.

आता दातांचं. साठीनंतर झेलिंदाचे पुढचे दात एकेक करून गेले, पण उजवीकडच्या दाढा पक्क्या होत्या आणि तिला तेवढ्याच हव्या होत्या. तिची मुलगी फेर्नांदा प्रातो शहरात कापडाच्या कारखान्यात होती. ती उन्हाळ्यात आली, आईनं जेवताना पाव दुधात बुडवलेला पाहिला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं आईला हट्टानं सोबत नेलं. शहरातल्या दंतवैद्यानं सांगितलं, कवळी नीट बसायला हवी तर उरलेलेही काढावे लागतील. मुलगी आईचा हात धरून बाजूला बसली होती. इतक्या वर्षांनी कुणीतरी झेलिंदाला खुर्चीवर बसवून तिचं काहीतरी करत होतं, विचारत होतं, दुखतंय का. तिला ते आवडलं. ती नाही म्हणू शकली नाही. म्हणायला हवं होतं हे तिला तेव्हा सुचलंच नाही, हे जास्त खरं.

सप्टेंबरात ती परत आली ती पांढरीशुभ्र बत्तिशी घेऊन. पावाच्या भट्टीवाल्या आर्जानं तिला उजेडात नेऊन बघितलं आणि जाहीर केलं, की हिला आता पुन्हा मागणी येणार. झेलिंदा हसली. अगदी तोंड भरून हसली, कारण आता हसता येत होतं.

तीस नोव्हेंबरला पहिलं पोतं आलं. झेलिंदानं बाही सारली, तळातला दाणा काढला, दाढेखाली धरला आणि चावला. कट्‌ झालं. आणि पुढं काहीच झालं नाही. आवाज कवटीत घुमला, कवळी हिरडीवर जराशी हलली, पण मुळाशी काही लागलं नाही, कारण मूळच नव्हतं. तिनं दुसरा चावला, तिसरा चावला. समोर पोतंवाला वाट बघत उभा. "घे आत," ती म्हणाली.

ते पोतं सुकं निघालं. वर्ष वाऱ्याचं होतं, वाळवण सगळ्यांचंच चांगलं झालं होतं. दुसरंही सुकं निघालं, तिसरंही, चौथंही. झेलिंदा दाणा हातात खुळखुळवून बघू लागली, नखानं खरडून बघू लागली, वास घेऊ लागली. आणि मग गावाला दिसावं म्हणून चावायचीही. जेवण तिला जाईना. फेर्नांदाला पत्र लिहून सांगावं असं एकदा मनात आलं, पण काय सांगणार? एवढ्या मायेनं दिलेल्या दातांवर खापर कसं फोडायचं? आणि गावाला तर मुळीच सांगता येणार नव्हतं. खाली स्टेशनाजवळ दोन वर्षांपूर्वी विजेची चक्की आली होती. तिच्यात पोलादाचे हातोडे होते. ओलं म्हणा, सुकं म्हणा, ती सगळं गिळायची आणि पीठ गरम करून ओकायची. त्या पिठाला करपट वास यायचा, तरी निम्मं गाव तिकडे वळलं होतं. उरलेलं निम्मं पाणचक्कीवर येत होतं ते एका गोष्टीसाठी. झेलिंदानं चावून घेतलेलं पीठ पेटीत दाबून ठेवलं की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याला बुरशी धरत नाही, ही खात्री होती. ती खात्री तिच्या तोंडात होती आणि तोंडात आता दंतवैद्याचं काम होतं. हे कळलं की पाटावरची फळी कायमची खाली. त्या घराबाहेर आपण जगू शकू असं तिला वाटत नव्हतं, आणि प्रातोला मुलीच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात तर नक्कीच नाही.

अकरावी पाळी एजिस्तोची होती.

तो गुरुवारी सकाळी दोन खेचरं घेऊन उतरला. नोव्हेंबरात तो चार दिवस तापानं फणफणून पडला होता आणि त्या चार दिवसांत त्याच्या धूरखोलीतली धग पार विझली होती, हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. तरी तो आला. कारण पाळी चुकवणं त्याच्या स्वभावात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर झेलिंदा परत पाठवील याची त्याला इतकी खात्री होती, की त्यानं खेचरांचे पट्टेही पुरते सोडले नव्हते.

झेलिंदानं तीन दाणे चावले. थंडीत तिन्ही वाजले. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"घे आत," ती म्हणाली.

एजिस्तोचा हात पट्टा आवळायला गेला होता, तो त्यानं मागं घेतला. मग म्हणाला, "आत?"

"बहिरा झालास का? आत."

"नाही, म्हटलं एकदा विचारावं."

"मी चावलंय," झेलिंदा म्हणाली.

पोती आत गेली. झेलिंदानं लाकडी नरसाळ्यात दाणे ओतले, फळी उचलली, खाली चाक फिरू लागलं. पहिलं अर्धं पोतं बरं गेलं. मग आवाज बदलला. जात्याच्या घरघरीत लहानपणापासून वाढलेल्या बाईला तो बदल पाठमोरी असतानाही कळतो. घरघर जड झाली, मग कण्हल्यासारखी झाली. पन्हळीतून पिठाऐवजी तपकिरी लगदा फितीसारखा बाहेर येऊ लागला आणि जळक्या साखरेचा वास सुटला. तिनं धावत जाऊन फळी पाडली. पाणी बाजूच्या चरानं नदीकडे गेलं आणि पाणचक्की गप्प झाली.

झेलिंदाला त्या शांततेची लाज वाटली. इतकी, की तिनं मागं वळून बघितलं नाही.

वरची तळी उचलायला दोन माणसं लागतात. एजिस्तोनं कोट काढला, लाकडी यारीचा स्क्रू तो फिरवू लागला आणि तिनं तळीचे आकडे धरले. तळी उलटून खाली ठेवली तेव्हा खाचा कुठं दिसतच नव्हत्या. दोघं गुडघ्यांवर बसून खरवडायला लागली. मग एजिस्तोनं खिशातून आपल्याच पोत्यातला एक दाणा काढला, दाढेखाली धरून चावला आणि अर्धवट चिरलेला दाणा तिच्यापुढे धरला. तो तुटला नव्हता, वाकला होता.

"लहान पोरालाही कळलं असतं," तो म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता. त्यालाच ते कोडं पडलं होतं.

झेलिंदा खरवडत राहिली.

"झेलिंदा. तुला कळत नाहीये ना?"

तिनं मान हलवली. हो की नाही, ते तिचं तिलाही ठरवता आलं नाही. मग म्हणाली, "मुळं गेली रे. नुसतं वाजतं. आत काही लागतच नाही."

एजिस्तोला एकाहत्तराव्या वर्षी बत्तीसपैकी एकतीस दात होते आणि एरवी ही गोष्ट तो भेटेल त्याला सांगायचा.

जातं थांबलं की गावाला कळवायची रीत आहे: पाणचक्कीच्या वरच्या खिडकीतून रिकामं पांढरं पोतं लटकवायचं. ते वेशीतून स्पष्ट दिसतं. पुराच्या वर्षी लटकलं होतं, तोर्क्वातो गेला तेव्हा लटकलं होतं. झेलिंदानं ते स्वतःच्या हातानं लटकवलं. एजिस्तो उरलेली पोती खेचरांवर लादून वर निघाला, आणि ती खिडकीत उभी राहून त्याला वळणागणिक बघत राहिली. तो वर पोचेल, चौकातल्या कारंज्यापाशी लोक त्याला घेरतील, काय झालं म्हणून विचारतील, आणि तो सांगेल. चाळीस वर्षांचा हिशेब चुकता करायची अशी संधी कोण सोडतो? तिनं सोडली असती का, याची तिला खात्री नव्हती.

दुपारी आर्जा पाव घेऊन खाली आली ती धापा टाकत आणि शिव्या देत. शिव्या एजिस्तोला होत्या.

"मेल्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, मावशी! चौकात, सगळ्यांसमोर. म्हणे, झेलिंदानं चावलं ते वरचं पोतं शेजाऱ्याकडून मागून आणलेलं, सुकं. ती आत वळल्यावर मी ओलं ओतलं. एवढा म्हातारा झाला, तरी खोड जात नाही. माझ्या सासऱ्यांनी तर त्याच्या पायाशी थुंकून दाखवलं."

झेलिंदाचा जीव भांड्यात पडला. हे आधी सांगायला हवं, कारण नंतर जे वाटलं ते चांगलं होतं आणि हे तितकंसं नव्हतं. तिनं पाव घेतला, आर्जाला बसायला सांगितलं आणि काहीच बोलली नाही.

तीन दिवस ती तळीला टाकी ठोकत होती. वरून लोक येऊन जात होते. कुणी रिकोत्ता आणला, कुणी जळण फोडून दिलं, प्रत्येकानं एजिस्तोला चार शिव्या हासडल्या. विजेच्या चक्कीकडे गेलेल्या एका घरानं तर निरोप धाडला, की पुढच्या वर्षी आम्हीही परत येतो. झेलिंदा आहे तोवर फसवणूक लपत नाही हे आता कळलं. झेलिंदाच्या हातातली टाकी निसटून बोटावर बसली. एजिस्तोच्या घरी म्हणे कुणी जात नव्हतं. दुकानात तो आला की बोलणी थांबत होती. लोक त्याला चाळीस वर्षं हसत आले होते. पण हसणं वेगळं आणि हे वेगळं. उतावळा माणूस गावाला चालतो, लबाड चालत नाही.

शनिवारी संध्याकाळी जातं तयार झालं. नव्या टाकीच्या खाचांवरून बोट फिरवताना झेलिंदाला बापाची आठवण आली, आणि आपण आता गप्प राहिलो तर पुढं काय होणार हे सरळ दिसलं. सोमवारी बारावी पाळी. तेरावी. कधीतरी पुन्हा एक ओलं पोतं. तेव्हा खोटं बोलायला एजिस्तो नसेल. आणि असला, तर ते आणखी वाईट.

रविवारी ती सात वळणं चढली. सहा वर्षांत ती वर गेली होती ती फक्त दफनभूमीत. वाटेत तिसऱ्या आणि पाचव्या वळणावर बसून घेतलं. वेशीजवळ एजिस्तो दाराशी उन्हात बसला होता, चर्चला न जाता.

"खोटं का बोललास?" तिनं उभ्या उभ्या विचारलं.

"मला लोकांकडून हसून घ्यायची सवय आहे," तो म्हणाला. "तुला नाही. तुझ्यानं झेपलं नसतं."

"आता हसत नाहीत तुला."

"हां," एजिस्तो म्हणाला. "ते काही माझ्या ध्यानात आलं नव्हतं."

"कोट घाल आणि चल."

प्रार्थना सुटून लोक चौकात आले होते. झेलिंदा कारंज्याच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. तिला पाहून लोक सरसावले, कुणी बसायला जागा केली. मग तिच्या मागं एजिस्तो दिसला आणि सगळे थबकले. तिनं रुमाल काढला. रुमालात तोंड धरून वरची कवळी काढली, खालची काढली, दोन्ही कारंज्याच्या कठड्यावर नीट मांडून ठेवली. पाद्रीबाबांनी नजर दुसरीकडे वळवली. कवळीशिवाय तिचे शब्द पिचकत होते, तरी सगळ्यांना कळले.

"हे दात माझ्या पोरीनं दिलेत. चर्चला यायला, फोटो काढायला, पाव खायला फार चांगले आहेत. चेस्टनटमधलं यांना काही कळत नाही. या वर्षीचं एकही पोतं मी चावून घेतलेलं नाही, अंदाजानं घेतलंय. एजिस्तोनं काही बदललं नाही. त्याचं पोतं ओलं होतं आणि मी आत घेतलं. तो खोटं बोलला ते माझ्यासाठी. आता ज्याला स्टेशनावरच्या चक्कीकडे जायचं त्यानं जावं, मी वाईट वाटून घेणार नाही." जरा थांबून ती म्हणाली, "वाईट वाटेल. पण जावं."

कारंज्याचं पाणी पडत होतं आणि कठड्यावर ती बत्तिशी उन्हात चमकत होती. शेवटी आर्जाचा सासरा, म्हातारा सेत्तिमिओ, पुढं आला. त्यानं आधी एजिस्तोपुढं टोपी काढली. मग झेलिंदाला विचारलं, "ते सगळं ठीक आहे. पण मग आता चावणार कोण?"

दोन-चार तरण्यांनी आपले दात चांगले असल्याचं सांगितलं. झेलिंदानं हात हलवून त्यांना गप्प केलं. चांगले दात घोड्यालाही असतात, ती म्हणाली. मग तिनं मागं अंगठा केला. "याला विचारा. या गावात एवढ्या वेळा परत गेलेला दुसरा कोण आहे? ओल म्हणजे काय, हे याच्याइतकं कुणाला ठाऊक?"

पहिल्यांदा आर्जा हसली. मग चौकच हसला. एजिस्तोनं सवयीनं टोपी काढून अभिवादन केलं, पण या वेळी त्याचे कान लाल झाले होते.

सोमवारी सकाळी पाणचक्कीच्या दारात गर्दी होती. पाळी बाराव्या घराची होती, पण त्यांनी आपणहून सांगितलं, की एजिस्तोची अर्धी राहिली आहे, ती आधी होऊ दे. एजिस्तोनं चार दिवस धूरखोलीसमोर बसून धग राखली होती, पोती पुन्हा वाळवली होती. वर आर्जानं त्याच्यासाठी रिकोत्ता बाजूला काढून ठेवला होता. झेलिंदानं दाराशी स्टूल मांडलं, बापाच्या वेळचं. तो बसला. त्यानं बाही सारली, आपल्याच पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळातला दाणा काढला, दाढेखाली धरला आणि चावला.

कट्‌ असा आवाज झाला. मागं उभ्या असलेल्यांतल्या एक-दोघांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. झेलिंदा फळीच्या दांड्यावर हात ठेवून उभी होती.

एजिस्तोनं दुसरा चावला. तिसरा चावला, आणि तो तोंडात तसाच धरून बराच वेळ बसून राहिला. मग तो हातावर काढला.

"ओलं आहे," तो म्हणाला.

"वाजला तर चांगला," झेलिंदा म्हणाली. तिला त्याचा नाताळ दिसत होता. "नीट बघितलंस का?"

"झेलिंदा," एजिस्तो म्हणाला, "मी चावलंय."

त्यानं उठून पोती पुन्हा खेचरांवर चढवली, पट्टे आवळले आणि पहिल्या वळणाकडे निघाला. खेचरं घरी बांधून तो परत खाली येईपर्यंत बारावं घर थांबलं. वर वेशीच्या कठड्यावर माणसं होती, पण त्या दिवशी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तो वेशीतून आत आला तेव्हा पुरुषांनी टोप्या काढल्या.